अस्तरातलं पितळ

बोरवाडी, ता. चाकूर
दि. ३ जुलै २०२३

चि. आनंदराज यास,
सप्रेम जयभीम.

परवा तू फोनवर लुंबिनीची चौकशी केलीस आणि मी "बरी आहे" एवढंच म्हणून फोन धाकट्या विनोदच्या हातात दिला. राग धरू नकोस. घरात फोन एकच आहे आणि तो विनोदजवळ असतो. पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत बोललेलं दुसरीत ऐकू येतं. लुंबिनीच्या आजाराचं आम्ही म्हातारा-म्हातारी, मी आणि धुरपता, सोडून घरात कुणालाच माहीत नाही. विनोदला नाही, त्याच्या बायकोला, महानंदालाही नाही. गोळी रक्तवाढीची आहे असं सांगितलं आहे. म्हणून हे पत्र. सत्तावीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, लोकांची पत्रं पोचवली, पण स्वतः कधी कुणाला लिहिलं नाही. चुकलं माकलं तर समजून घे.

तुझी बहीण महामाया जाऊन सव्वा वर्ष झालं. माझा थोरला तिच्या आधी दोन वर्षं. त्यांच्यामागं ही आठ वर्षांची पोर तेवढी राहिली. गोळ्या वेळेवर घेते. दर महिन्याला मी तिला लातूरला दवाखान्यात नेतो. या खेपेला वजन साडेसतरा किलो भरलं. मागच्या दोन महिन्यांतही तेवढंच होतं. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "आजोबा, गोळ्या चालू आहेत, पण पोर वाढत नाही. खायला काय देता?" मी सांगितलं, घरात असेल ते.

पत्राचं उत्तर घरी पाठवू नकोस. चाकूरच्या पोस्टात बालाजी आहे, त्याच्या हवाली येईल असं पाठव. मी आठवड्याला जातो.

तुझा,
नरसिंग


विष्णुपुरी, नांदेड
दि. १४ जुलै २०२३

आदरणीय बाबा,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

ताई होती तेव्हा तिच्या तपासणीला मीच सोबत जायचो, म्हणून तिथं काय सांगतात ते माझ्या कानावर पडलेलं आहे. गोळी एचआयव्हीच्या विषाणूला दाबून ठेवते, पण अंग भरायचं काम अन्नच करतं. मोठं माणूस एखाद-दुसरा महिना ढकलून नेतं, लेकराला तेवढी शिल्लक नसते. त्यात असल्या लेकराला इतरांपेक्षा जास्त लागतं. ताई शेवटी शेवटी जेवत नव्हती आणि आम्ही सगळे फक्त गोळी घेतली का तेवढंच विचारत होतो.

मी इथं पोरांच्या मेसमध्ये स्वयंपाकाला आहे. रोज बादलीभर अन्न उरतं. ते सांडायला नेताना लुंबिनीची आठवण येते. पार्सलनं शेंगदाणे, गूळ आणि फुटाण्याचं पीठ पाठवत आहे. ते तिच्यासाठी आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दर महिन्याला तिच्या कार्डावरचं वजन मला कळवा. तीन महिन्यांत वाढलं नाही, तर मी येऊन तिला घेऊन जाईन. माझ्या खोलीवर आणखी दोघं राहतात, लग्न झालेलं नाही, तिच्या वेण्या घालायला कुणी नाही, हे सगळं मला कळतं. इथं जमलं नाही तर अशा मुलांसाठी वसतिगृहं असतात, तिथं ठेवीन. रागानं लिहीत नाही. ताईला मी शब्द दिला आहे.

आपला,
आनंदराज


बोरवाडी
दि. २० ऑगस्ट २०२३

चि. आनंदराज यास,
जयभीम.

पार्सल पोचलं. महानंदानं त्याचे लाडू वळले. तुझं पत्र धुरपताला वाचून दाखवलं. 'घेऊन जाईन' एवढं ऐकून ती उठून चुलीकडं गेली.

या महिन्याचं वजन सतरा किलो आठशे. मॅडम खूश झाल्या. कार्डावर लिहून दिलं आहे.

तिला वसतिगृहात ठेवायची गरज नाही. ती इथं शाळेत जाते, विहारात मुलांबरोबर वंदना म्हणते. आमच्या दोघांच्या मध्ये झोपते.

सोबत तिची चिठ्ठी आहे. तिनं स्वतः लिहून स्वतः डिंकानं चिकटवली आहे. मी वाचली नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडायची सवय मला नाही.

तुझा,
नरसिंग

(सोबतची चिठ्ठी)

आनंदराज मामा जयभीम. मी तिसरीत गेले. काकीनं लाडू केले. एक मला एक ऋतुजाला एक बारक्याला. काकी म्हणती आपल्या घरात सगळ्याला सारखं. लाडू लई चांगले होते पण दोन दिवसात सरले. मी लातूरला गेले होते. आबा मला पितळेचं सोनं देतात फ्रॉकात ठेवायला. कुणाला सांगायचं न्हाई. मग मी लई हळू चालते राणीसारखी. तुम्ही कधी येता. येताना टिकल्या आणा हिरव्या.


विष्णुपुरी
दि. २ सप्टेंबर २०२३

आदरणीय बाबा,
जयभीम.

तीनशे ग्रॅम वाढलं हे वाचून बरं वाटलं. मेसमधल्या अमरनाथला मी सगळ्या पोरांसमोर उगाच चहा पाजला. तो म्हणाला, "काय रं, सोयरीक जमली का?" मी म्हटलं, त्याहून मोठं.

मागच्या पत्रात मी जरा कठोर लिहिलं. तुम्ही दोघं तिला इतकं जपता, ते चिठ्ठीतून कळलं. पितळेचं सोनं घालून राणी होऊन चालते म्हणे. धुरपताआईंनी जुनं काही घालायला दिलं असेल. ताईसुद्धा लहानपणी कडी घालून अशीच हळू चालायची.

आता रोज एक अंडं सुरू करा. सोबत थोडे पैसे पाठवले आहेत, ते केवळ अंड्यांसाठी. टिकल्या पाकिटात आहेत. वजन कळवत राहा.

आपला,
आनंदराज


बोरवाडी
दि. १० नोव्हेंबर २०२३

चि. आनंदराज यास,
जयभीम.

मध्ये पत्र लिहिणं झालं नाही. या महिन्याचं वजन अठरा किलो शंभर.

अंड्याचं असं झालं. धुरपता तिला विहाराच्या मागं नेऊन खाऊ घालायची. आठ दिवस चाललं. मग ऋतुजानं पाहिलं आणि आईला सांगितलं, "आजी एकट्या लुंबिनीलाच अंडं देती." महानंदा काही वाईट बाई नाही. पण ती म्हणाली, "आत्या, माझी लेकरं काय दगड खातात का? ती बिनमायची म्हणून मी तिला कधी कमी केलं न्हाई. मग तुम्ही माझ्यांना का कमी करून राहिला?"  खरं सांगितलं असतं तर उद्या पोरीची ताटली वेगळी झाली असती. पलीकडच्या गावात एका लेकराचं कळलं, तर त्याला शाळेत दाराजवळ वेगळं बसवलं होतं. आता अंडी घरात उकडतात आणि तिघांना सारखी मिळतात. रोज होत नाहीत, आठवड्याला एकदा.

तिला जरासा खोकला आहे. थंडीचा असेल. तू एवढ्यात येऊ नकोस, सुट्टी वाया जाईल.

तुझा,
नरसिंग


नांदेड
दि. १८ जानेवारी २०२४

बाबा,

चौदा तारखेला मी न कळवता आलो आणि तिला घेऊन आलो. तुम्ही चाकूरला गेला होता. धुरपताआई अडवत होत्या, मी ऐकलं नाही. त्याबद्दल आधी माफी मागतो.

ती अंगणात उन्हाला बसली होती. मला पाहून उठली, पण धावली नाही. मी तिला उचललं. मेसमध्ये रोज पिठाचे डबे उचलणारा माणूस आहे मी. हातात घेताच मला कळलं की ही अठरा किलोची पोर नाही.

इथं दवाखान्यात वजन केलं. पंधरा किलो चारशे. तुमच्या लातूरच्या कार्डावर डिसेंबरचं वजन अठरा किलो दोनशे लिहिलं आहे. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं, काटा पाहिला आणि पुन्हा वजन केलं. मला म्हणाले, "एका महिन्यात पावणेतीन किलो? खरं काय ते सांगा." मी काय सांगणार?

तिला क्षय आहे, दोन्ही फुप्फुसांत. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट घेतलेल्या दिसतात, विषाणू दबलेला आहे, त्यात कसूर नाही. पण लेकराचं वजन घटायला लागलं की आम्ही पहिल्यांदा क्षयच शोधतो, आणि खायला वेगळा आहार देतो. या कार्डावर तर वजन वाढत होतं. मग कोण शोधणार? आता अंगात औषध पेलायची ताकद नाही. एकदम जास्त खायलाही देता येत नाही. चमच्या-चमच्यानं चढवावं लागेल.

काट्यावर उभं करताना ती माझ्या कानात म्हणाली, "मामा, आज पितळ घातलं न्हाई. मॅडम रागावतील का?"

तेव्हा मला तिची ऑगस्टमधली चिठ्ठी आठवली.

बाबा, काय ते लिहा. फोन करू नका, मला फोनवर ऐकवणार नाही.

आनंदराज


बोरवाडी
दि. २३ जानेवारी २०२४

चि. आनंदराज यास,

तू जयभीम लिहिला नाहीस. मीही लिहीत नाही, तो अधिकार आज वाटत नाही.

आमच्या पोस्टात पार्सलं तोलायचा जुना काटा होता. नवं मशीन आलं तेव्हा तो भंगारात जाणार होता. साहेबांना विचारून मी तो वजनांसकट घरी आणला. पितळी वजनं आहेत, सत्तावीस वर्षं हाताळलेली. त्या वजनांत मी कधी खोट केली नाही. कुणाचं पाकीट अर्धा ग्रॅम जास्त भरलं तरी परत द्यायचो.

तुझं जुलैचं पत्र आलं, 'वाढलं नाही तर घेऊन जाईन'. ऑगस्टच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी लुंबिनीला किराणा दुकानाच्या काट्यावर उभं केलं. सतरा तीनशे. दोनशे ग्रॅम कमी. घरी आलो आणि अर्ध्या किलोचं वजन काढून धुरपताजवळ दिलं. ती म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "फ्रॉकच्या अस्तरात खिसा शिव." तिनं सुई-दोरा घेतला. रात्रभर दोघांनाही झोप नव्हती.

मला वाटलं, एका महिन्याचा प्रश्न आहे. लाडू पोटात गेले की खरं वजन वाढेल, मग पितळ काढून घेऊ. लाडू दोन दिवसांत तिघांत संपले. पुढच्या महिन्यात ती आणखी उतरली होती. आता अर्धा किलो काढला असता तर कार्डावर एकदम घट दिसली असती. म्हणून आणखी घातलं. मग एक किलोचं आणि अर्ध्याचं, दोन्ही. वरून स्वेटर. डिसेंबरात स्टँडवर तांब्याभर पाणी पाजलं आणि लघवीला जाऊ दिलं नाही. ती रडकुंडीला आली होती. दवाखान्यात दर वेळी विचारतात, खोकला, ताप, वजनात घट आहे का. मी नाही म्हणायचो. काट्यावरून उतरली की मला विचारायची, "आबा, पास झाले का मी?"

मी हे केलं. धुरपतानं फक्त टाके घातले. तिला दोष देऊ नकोस.

तू तिला नेशील म्हणून केलं. थोरला गेला, सून गेली. संध्याकाळी पोर "आबा" म्हणून हाक मारते, तेवढंच घरात उरलं होतं. ते सांभाळायला गेलो. याहून वेगळं कारण नाही आणि हे कारण पुरेसं नाही, हेही मला कळतं.

काल महानंदाला आणि विनोदला सगळं सांगितलं. विनोद बाहेर निघून गेला. महानंदा बराच वेळ पीठ मळत राहिली. पीठ मळून झालं तरी मळत होती. मग म्हणाली, "मामंजी, तुम्ही मला वळखलंच न्हाई. अगोदर सांगितलं असतं तर माझ्या दोन्हीच्या तोंडचं काढून तिला दिलं असतं. मी सारखं वाटत बसले. मला काय ठाव, तिला जास्त लागतं म्हणून."

ताटली वेगळी होईल या भीतीनं आम्ही लपवलं. तिची ताटली वेगळीच हवी होती, जास्तीची. हे ती बोलली नाही, मी लिहितो आहे.

महानंदा आज सकाळच्या गाडीनं नांदेडला निघाली आहे. मी येऊ का, ते तू सांग.

नरसिंग


नांदेड
दि. ६ फेब्रुवारी २०२४

आदरणीय बाबा,
जयभीम.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस मी काही लिहिलं नाही. मेसमध्ये दोनदा भाजी करपवली. राग आला होता, आजही आहे. पण एक चूक माझ्याही पदरात आहे. मी प्रत्येक पत्रात वजन विचारलं. ती कुणाच्या ताटात जेवते, पोटात किती जातं, रडते का हसते, हे एकदाही विचारलं नाही. आणि ते वाढलं नाही तर नेईन अशी धमकी दिली. तुम्हाला वजन हवं होतं कारण मला वजन हवं होतं.

महानंदावहिनी इथंच आहेत. दर दोन तासांनी दुधातलं पीठ चमच्यानं भरवतात. नर्स सांगेल तेवढंच, एक चमचा जास्त नाही. परवा लुंबिनी त्यांना म्हणाली, "काकी, तू म्हणतीस सगळ्याला सारखं. मग एक चमचा तू बी खा." वहिनी म्हणाल्या, "हाव, खाते." आणि खाल्ला. मग पदर तोंडाला लावून पाणी आणायला गेल्या.

काल वजन दोनशे ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, पायांवर सूज आहे, हे वजन खरं धरू नका. मी हसू का रडू मला कळलं नाही.

ती तुमच्यावर रागावलेली नाही. तिला काही कळलेलंच नाही. विचारते, "आबा का येईनात? त्यांचं पितळ मी हरवलं न्हाई म्हणावं, फ्रॉकात घरीच हाय."

या. लवकर या.

आपला,
आनंदराज


बोरवाडी
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. आनंदराज यास,
सप्रेम जयभीम.

सात महिन्यांनी लिहितो आहे. एकोणीस फेब्रुवारीला ती गेली, तिला घेऊन आपण गावी आलो, जलदान विधी झाला, तू परत गेलास, त्यानंतर आपण बोललो नाही. तू पुण्यानुमोदनाच्या वेळी माझ्या शेजारी बसलास आणि माझा हात धरून ठेवलास. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

घरचं सांगतो. धुरपता आता ऐकू कमी येतं म्हणते, पण मला वाटतं तिला ऐकायचं नसतं. महानंदा अजून तीन लाडू मोजते आणि एक परत डब्यात ठेवते. विनोदनं फोनची नवी सोय केली आहे, माझ्यासाठी वेगळा घेतला. कुणाला लावू, ते सुचत नाही.

एप्रिलमध्ये मी उरलेल्या गोळ्या परत द्यायला लातूरला गेलो. समुपदेशक मॅडमना सगळं सांगितलं. सोबत ती दोन्ही वजनं नेली होती, टेबलावर ठेवली. त्यांनी एक वजन हातात घेऊन पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही एकटे नाही. खिशात काय काय भरून आणतात लोक. आम्ही ओरडलो तर पुढच्या महिन्यात येतच नाहीत." मग वजन परत ठेवून म्हणाल्या, "मुलांच्या तारखेला तुम्ही येऊन बसाल का?"

तेव्हापासून दर महिन्याला जातो. काट्याजवळच्या बाकावर बसतो. भाषण करता येत नाही मला. आजी-आजोबा जास्त असतात, माझ्यासारखे. कुणी शेजारी येऊन बसलं, तर पिशवीतून अर्ध्या किलोचं वजन काढून त्यांच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "माझी नात हे घेऊन चालायची." बहुतेक जण काही विचारत नाहीत. काही विचारतात, "आता कुठं हाय?" मी सांगतो.

मागच्या आठवड्यात मुरुडकडची एक म्हातारी आली होती, सोबत सहा-सात वर्षांची नात. पोरगी हळू चालत होती. एक हात फ्रॉकवरून कमरेशी धरलेला. ते चालणं मला ओळखू आलं.  वजन म्हातारीच्या हातावर ठेवलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. तिनं वजनाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आतून नंबर पुकारला. ती उठली नाही. दुसऱ्यांदा पुकारला. मग तिनं पोरीला जवळ ओढलं, अस्तरात हात घातला आणि नदीतला एक गुळगुळीत दगड काढून माझ्या हातावर ठेवला. अंगाच्या उबेनं तो गरम होता.

पोरगी आजीकडं बघत म्हणाली, "मग मी नापास होणार का?"

म्हातारी म्हणाली, "होऊ दे बाई." आणि तिला रिकाम्या खिशानं काट्यावर उभं केलं.

तुझा,
नरसिंग